सृष्टि आणि मूल यांच्यामध्यें दलाल कशाला?

दरवर्षीं दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या समाजांत एक ठराविक रडगाणें सुरू होतें. अमक्याचा मुलगा विज्ञानांत गडगडला. तमक्याच्या मुलीनें विज्ञानशाखा सोडून दुसरीकडे नांव घातलें. मग पारावर बसलेले चार शहाणे मान डोलावून सांगतात कीं, ‘आपल्या पोरांना शास्त्राची आवडच नाहीं, त्याला डोकेंच निराळें लागतें.’ हें बोलणें परक्यांनीं करावें याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. पिढ्यानुपिढ्या त्यांनीं आम्हांस हेंच ऐकविलें आहे. परंतु आमच्याच शेतकरी व कारागीर बांधवांनीं तें खरें मानावें आणि आपल्या लेकरांच्या कपाळीं तो शिक्का आपल्याच हातांनीं मारावा, याचा मात्र आम्हांस संताप येतो. म्हणून या प्रश्नाची थोडी फोड करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. शास्त्राची गोडी ही जन्मानें मिळणारी वतनदारी नव्हे. मुलाला वस्तूपाशीं स्वतःच्या डोळ्यांनीं व हातांनीं जाऊं दिलें म्हणजे ती उत्पन्न होते. मध्यें दलाल उभा केला म्हणजे ती मरते.

जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलालाची गरज नाहीं, हें त्या समाजाच्या शिकवणुकीचें मर्म होतें. आमच्या आजा-पणज्यांनीं पुरोहितावांचून लग्नें लाविलीं आणि त्यापायीं कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. पुढें शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढिली. शाळेचें दार अशा रीतीनें आमच्यासाठीं उघडलें. पण त्या दारांतून आंत गेलेल्या मुलासमोर आज काय वाढून ठेविलेलें असतें? सृष्टि एका बाजूला, मूल दुसऱ्या बाजूला, आणि मध्यें नव्या दलालांची रांग! आधीं गाईड, मग तयार उत्तरांची प्रश्नपेढी, मग दुसऱ्याची पाहून उतरविलेली प्रयोगवही, आणि सर्वांत शेवटीं भरमसाट फी घेणारा खासगी क्लास. पूर्वीचा भट संस्कृत मंत्र म्हणे आणि यजमान न समजतां ‘मम’ म्हणे. आतां मूल व्याख्या म्हणतें, आणि तिचा अर्थ त्याला समजला कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. दक्षिणा तेवढी दोन्हीकडे रोख घेतली जाते.

आमच्या घरांत शास्त्र नाहीं, असें कोण म्हणतो? सुतारानें घडविलेल्या बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धांव बसवी, तेव्हां ती आधीं भट्टींत लाल करी. तापून वाढलेली धांव चाकावर सरके आणि पाणी ओततांच आकसून लांकडाला अशी आवळे कीं, खिळ्यांची फारशी गरजच राहात नसे. हेंच मूल पुस्तकांत ‘उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात’ हें वाक्य दोन गुणांसाठीं घोकतें, पण तें वाक्य आणि आज्याची ती भट्टी एकच गोष्ट सांगतात, हें त्याला कोणी सांगत नाहीं. कुंभाराच्या माठांतलें पाणी उन्हाळ्यांत गार कां होतें? रात्रीं विरजण लाविलेलें दूध सकाळीं दहीं कसें होतें, आणि थंडींत त्याला उशीर कां लागतो? एकाच पोत्यांतलें बियाणें काळ्या रानांत जोमानें येतें आणि बरड रानांत कां रडतें? हे प्रश्न आमच्या उंबरठ्याच्या आंतलेच आहेत. ज्या मुलाच्या भोंवतीं इतकें शास्त्र पसरलेलें आहे त्याला शास्त्राची आवड नसावी, हें संभवत नाहीं. मूल लहान असतांना दिवसाला शंभर वेळां ‘कां?’ म्हणून विचारतें. तें विचारायचें केव्हां बंद होतें आणि कोणामुळें, याचा शोध घेतला पाहिजे.

कोणी म्हणेल कीं, घरगुती ज्ञान निराळें आणि मोठें शास्त्र निराळें. त्यांच्यासाठीं मायकेल फॅरडेची हकीकत सांगतों. हा १७९१ सालीं लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या पोटीं जन्मला. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षीं तो पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून लागला आणि सात वर्षें तेथें राहिला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाची आणि त्यांत लिहिलेलें स्वतः करून पाही. पदरच्या चार पैशांतून विजेचें लहानसें यंत्रही त्यानें बनविलें. १८१२ सालीं त्याला हंफ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्र्याचीं व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. त्यानें तीं उतरून घेतलीं, आपल्याच हातांनीं त्यांचें पुस्तक बांधिलें व डेव्हीकडे पाठविलें. पुढच्याच वर्षीं त्याला डेव्हीच्या प्रयोगशाळेंत नोकरी मिळाली. १८३१ सालीं या लोहारपुत्रानें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्यांत चुंबक हलविला तर तारेंत वीज उत्पन्न होते. आज आमच्या विहिरीवरची मोटर फिरते ती त्याच तत्त्वावर. आणि ती जळली म्हणजे गांवच्या रिवाइंडिंगच्या दुकानांत बसलेला आमचाच पोरगा तांब्याची तार भरतो तें त्याच विद्येचें काम करतो. फरक एवढाच कीं, आपण जें करतों आहों त्याचें कारण त्याला कोणी सांगितलेलें नाहीं. फॅरडेला उच्च गणित येत नव्हतें. त्याच्याजवळ स्वतःचा प्रश्न होता, तो तडीस नेण्याचा हट्ट होता आणि करून पाहाण्यास मोकळा हात होता.

विलायतेंतलें उदाहरण नको असेल तर चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्यांत चला. तेथले दादाजी खोब्रागडे हे लहानसे शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास भाताच्या शेतांत त्यांना कांहीं लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. शेजाऱ्यांच्या डोळ्यांनाही त्या दिसल्या असतील; पण दादाजींनीं त्या बाजूला काढून ठेविल्या, पुढच्या हंगामांत निराळ्या लाविल्या, पुन्हां निवडल्या, पुन्हां लाविल्या. असें वर्षानुवर्षें चाललें. त्यांतून जो बारीक दाण्याचा भात निघाला, त्याला त्या काळीं गाजलेल्या मनगटी घड्याळाचें ‘एचएमटी’ हें नांव पडलें आणि तो दूरवर पेरला गेला. पुढें त्यांनीं आणखीही वाण निवडले. २०१८ सालीं ते वारले. निरीक्षण, निवड, तुलना व पडताळा हीच शास्त्राची रीत आहे, आणि ती एका शेतकऱ्यानें कोणत्याही क्लासाची फी न भरतां आपल्या बांधावर चालविली. आमच्या पोरांना डोकें नाहीं म्हणणाऱ्यांनीं या भाताचा घांस घेतांना थोडी लाज बाळगावी!

मग शाळेंत आवड मरते कशी? जेथें विज्ञानाचें कपाट कुलुपांत आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणांत असते, तेथें ती पहिल्याच वर्षीं मरूं लागते. काचेचें सामान फुटेल म्हणून तें वापरावयाचें नाहीं. मग तें आणिलें कशासाठीं? प्रयोग मास्तर फळ्यावर काढून दाखवितात, आणि मुलें ‘निरीक्षण’ या सदराखालीं न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहितात. म्हणजे सत्य शोधण्याच्या तासाला मुलाकडून पहिली खोटी साक्ष लिहून घेतली जाते! याहून मोठी विटंबना कोणती? यांत सगळा दोष मास्तरांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्यामागें कागद भरण्याचीं नाना कामें लाविलेलीं असतात, आणि अभ्यासक्रम संपविला कीं नाहीं एवढेंच वरून विचारलें जातें. परंतु मुलाचें नुकसान त्यानें कमी होत नाहीं.

दुसरें विष गुणांचें व बक्षिसांचें. १९७३ सालीं अमेरिकेंत मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बालवाडींतील मुलांवर एक साधा प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रें काढण्याची मुळांतच हौस होती, त्यांतील कांहींना आधींच सांगितलें कीं, चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनीं चित्रें काढलीं, पत्रें घेतलीं. कांहीं दिवसांनीं बक्षिसाची बात न काढतां रंग पुढें ठेविले, तेव्हां हीं मुलें इतर मुलांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रें काढीत बसलीं. जें आनंदानें करीत होतीं तें मजुरी झालें, आणि मजुरी थांबतांच काम थांबलें! आम्ही आमच्या मुलांना पहिलीपासून हेंच शिकवीत आहों. परीक्षेंत येणार असेल तर शिक. येणार नसेल तर पान उलट. मग बारावीनंतर पुस्तक रद्दींत गेलें तर नवल काय?

उपाय आहेत, आणि ते करूनही पाहिलेले आहेत. मध्य प्रदेशांत नर्मदाकांठीं होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं ‘किशोर भारती’ व रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनीं १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं एक निराळाच विज्ञानवर्ग सुरू केला. १९७८ सालीं तो सबंध जिल्ह्यांत गेला, आणि १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनें तो पुढें चालविला. मुलांनीं चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करावयाचे, स्वतः लिहावयाचें आणि वर्गांत वाद करून निष्कर्ष काढावयाचा. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रश्न असत, तयार उत्तरें नसत. परीक्षेला पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासावयाचें नव्हतें. प्रयोगाची परीक्षा मात्र हातानें करून द्यावी लागे. मुलें आपले प्रश्न ‘सवालीराम’ नांवाच्या एका कल्पित गृहस्थास पत्रानें कळवीत आणि त्यांना उत्तर जाई. खेड्यांतील सरकारी शाळांतून हें तीस वर्षें चाललें. २००२ सालीं तेथील सरकारनें तें बंद केलें. तें बंद पडलें म्हणून खोटें ठरत नाहीं. खेड्यांतील साध्या शाळेंत, साध्या सामानावर, साध्या मास्तरांच्या हातून हें होऊं शकतें, एवढें त्यानें कायमचें सिद्ध केलें आहे.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कालबाग या शास्त्रज्ञांनीं मोठ्या कंपनीची नोकरी सोडून १९८३ सालीं ‘विज्ञान आश्रम’ काढिला. तेथून निघालेल्या शालेय कार्यक्रमांत आठवड्याचा एक दिवस मुलें व मुली हातानें काम करतात: लोखंड जोडणें, विजेची जोडणी करणें, मातीचें परीक्षण करणें, रक्तांतील लोहद्रव्याची तपासणी करणें, रोपें व जनावरें सांभाळणें. शिकलेली विद्या गांवाच्या उपयोगी पडते, आणि आपल्या हातून कांहीं खरें झालें याचा मुलाला अभिमान वाटतो. अशा मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणून मागें लागण्याची पाळी क्वचितच येते.

येथें आमच्यांतील जाणते लोक एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. ‘हातकाम, हातकाम म्हणतां, पण आमच्या पोरांना पुन्हां बापाच्या धंद्यालाच जुंपण्याचा हा डाव नाहीं कशावरून?’ हा संशय हवेंतला नव्हे. मद्रास राज्यांत १९५३ सालीं राजगोपालाचारींनीं अशी योजना आणिली कीं, मुलांनीं अर्धा दिवस शाळेंत बसावें व उरलेल्या वेळांत घरचा धंदा शिकावा. तेथील द्रविड चळवळीनें तिला ‘कुलधंद्याचें शिक्षण’ म्हणून कडाडून विरोध केला. राजगोपालाचारींना पायउतार व्हावें लागलें आणि १९५४ सालीं कामराजांनीं ती रद्द केली. तो विरोध योग्यच होता. कुंभाराच्या पोरानें चाक फिरवावें आणि वकिलाच्या पोरानें ग्रंथ वाचावा, ही वांटणी आम्हांस कधींही मान्य होणार नाहीं. आमचें म्हणणें तिच्या अगदीं उलट आहे. कुंभाराच्या मुलीनें विजेचें यंत्र उघडून पाहावें, वकिलाच्या मुलानें मातींत हात घालावा, आणि दोघांनींही त्यामागचें गणित व कारण एकाच बांकावर बसून शिकावें. हात एका जातीचा आणि डोकें दुसऱ्या जातीचें, ही फाळणी मोडल्याशिवाय या देशांत शास्त्र रुजणार नाहीं. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शाळेंत शेतीचें मूलज्ञान मागितलें, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी धरावयास ज्याला लाज वाटणार नाहीं असा शिक्षक मागितला. ती मागणी आजही थकलेलीच आहे.

दुसरी शंका गरिबाची आहे. ‘प्रयोग करीत बसलें तर गुण कोण देणार? आमच्या पोराला परीक्षेखेरीज दुसरी शिडी कोठें आहे?’ आम्ही गुणांना तुच्छ लेखीत नाहीं. ज्याचें पोट भरलेलें आहे त्यानेंच तसें बोलावें. परंतु करून शिकल्यानें गुण बुडतात, ही समजूत चुकीची आहे. २०१४ सालीं स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाविद्यालयांतील विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या अध्यापनाचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले. नुसतें व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत शंभरांतले सुमारें ३४ विद्यार्थी नापास होत. जेथें विद्यार्थी स्वतः विचार करीत, चर्चा करीत व प्रश्न सोडवीत, तेथें सुमारें २२. म्हणजे घोकंपट्टीचा रस्ता जवळचा दिसतो एवढेंच; नापास होणारे त्याच रस्त्यावर अधिक.

मात्र एक सावधगिरी सुचवितों. वर्षांतून एकदां शाळेंत धूर काढणारा, रंग बदलणारा प्रयोगांचा तमाशा करावा आणि मुलांनीं टाळ्या वाजवाव्या, म्हणजे विज्ञानाची गोडी लागली असें समजूं नये. टाळी घटकाभराची असते. खरी गोडी लागली म्हणजे मूल एकाच प्रश्नाशीं दिवसेंदिवस झटतें, चुकतें, पुन्हां करतें आणि जेवायलाही उठत नाहीं. त्याला त्याचा स्वतःचा प्रश्न, चुकण्याची मोकळीक, पुरेसा वेळ, आणि त्याचें ऐकून घेणारें एक मोठें माणूस, एवढें मिळावें लागतें. यांतील एकाही गोष्टीला क्लासाएवढी फी पडत नाहीं.

आतां करावयाचें काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमावी असें ठरविलें असून तींत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत व निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. हा अधिकार कागदावर पडून राहूं देऊं नका. समितीच्या बैठकींत उभे राहून विचारा कीं, विज्ञानाच्या कपाटाचें कुलूप शेवटचें केव्हां उघडलें? माझ्या मुलीनें या वर्षीं स्वतःच्या हातानें किती प्रयोग केले? प्रयोगवही प्रयोग करून लिहिली कीं पाहून उतरविली? आठवड्यांतील कांहीं तास हाताच्या कामाला कां देतां येत नाहींत? गांवांतील लोहार, गवंडी, वायरमन आणि बियाणें राखणारी आजी यांना वर्गांत बोलावून, त्यांच्या कामांतलें कारण मास्तरांनीं मुलांपुढें उलगडून कां दाखवूं नये? अडाणी म्हणून कोणी हिणविलें तरी हे प्रश्न सोडूं नका. हे विचारण्यास पदवी लागत नाहीं.

आणि घरींही थोडें करा. मूल ‘कां?’ म्हणालें तर ‘गप बस’ म्हणूं नका. उत्तर येत नसेल तर ‘चल, करून पाहूं’ म्हणा. एका पांढऱ्या बाटलींत तिसरा हिस्सा काळ्या रानाची माती व दुसरींत तितकीच बरडाची माती घालून पाणी भरा, चांगलें हलवून दोन दिवस ठेवा. आधीं रेती बसेल, तिच्यावर पोयटा, सर्वांत वर चिकणमाती. दोन्ही बाटल्यांतील थर मुलाला मोजूं द्या, आणि कोणत्या रानांत पाणी अधिक काळ टिकेल तें त्यालाच ठरवूं द्या. आपलें पीक कां रडतें, याचा थोडा उलगडा त्या दिवशीं त्याच्याबरोबर तुम्हांसही होईल. हें करतांना मुलाला बाटलीपाशीं आणि मुलीला भांड्यांपाशीं बसवूं नका. सावित्रीबाईंनीं अंगावर शेण झेलून उघडलेलें दार आपल्याच चुलीपुढें पुन्हां लावलें जातें, हें दुःख आम्हांस विसरतां येत नाहीं.

आमच्या वाडवडिलांनीं देव आणि माणूस यांच्यामधला दलाल हटविला, तेव्हां लोक म्हणाले कीं आतां यांच्यावर कोप होईल. कोप कांहीं झाला नाहीं. उलट मान ताठ झाली. आतां सृष्टि आणि आपलें लेकरूं यांच्यामधला दलाल हटविण्याची पाळी या पिढीची आहे. कपाटाची किल्ली मागून घ्या, बांधवहो! ती मिळेपर्यंत निदान घरांतल्या मुलाचा एक प्रश्न रोज पुरा ऐका. आवड कोठें हरवली याचा पत्ता मग कोणाला विचारावा लागणार नाहीं.